रस्ता मोकला हाय

पनवेल कोळीवाडा
९ नोव्हेंबर २०२४

कुंदनदादा,

पत्राच्या सुरुवातीला सप्रेम नमस्कार लिहायची पद्धत आहे. प्रेमाचं नंतर बघू, नमस्कार तुझ्या हुशारीला. व्हॉट्सॲपवर तू निळ्या खुणा करून गप्प बसतोस आणि फोन केला की 'मीटिंगमध्ये आहे' म्हणतोस, म्हणून मेल लिहितेय. चुलत बहिणीचा मेल तरी उघडशील.

मच्छीमार सोसायटीच्या खोलीत तू बसवून दिलेला कॉम्प्युटर मेला. आत पालींनी संसार थाटला होता. दोन वर्षं तो बिचारा बंदरावरच्या होड्यांना फोन करून 'मोठं जहाज येतंय' सांगत होता, तेव्हा कोणी त्याच्याकडे ढुंकून बघितलं नाही. आता बंद पडल्यावर चेअरमन गणूशेठ मला रस्त्यात अडवून विचारतात, "तुज्या भावानं काय करून ठेवलंय?"

नवीन कॉम्प्युटर आलाय. तुझं फोल्डर मी पेनड्राइव्हवरून त्यात टाकलं. चालू केलं की काळी खिडकी उघडते आणि बघेपर्यंत मिटते. फोल्डरमध्ये तू 'रीडमी' नावाची फाइल ठेवली आहेस. त्यात एकच वाक्य: 'सगळं वाचून कळेल.' काय वाचून? त्या फाइलमध्ये दुसरं काहीच नाही.

होड्या रोज खाडीतून बाहेर पडतात आणि न्हावा शेवा बंदराचे मालवाहू बार्ज पूर्वीपेक्षा वाढलेत, तेव्हा लवकर कळव. व्हॉइस नोट नको, लेखी दे. म्हणजे 'मी असं बोललोच नव्हतो' म्हणायची सोय राहणार नाही.

रिया


बेंगळुरू
१२ नोव्हेंबर

रिया,

बी.एस्सी. आयटीच्या नावाखाली कॉलेजने तुला काय शिकवलं याची मला आधीपासून शंका होती.

नीट वाच, मी दोनदा समजावत नाही. फ्रेमवर्क म्हणजे रिकामी चाळ. त्यात मॉड्यूल राहायला येतात. एक अँटेनावरून जहाजांचे सिग्नल घेतं, एक नकाशा काढतं, एक होड्यांना फोन लावतं. कोणी यायचं, कोणी आधी उठायचं आणि कोणी मागून, हे 'कॉन्फिग डॉट प्रॉपर्टीज' या फाइलमध्ये लिहिलेलं असतं. साधी टेक्स्ट फाइल आहे. डावीकडे नाव, मग बरोबरचं चिन्ह, उजवीकडे काय हवं ते. खारघरच्या क्लासमध्ये ज्या पोरांना तू एक्सेल शिकवतेस त्यांनाही जमेल.

जुन्या कॉम्प्युटरवर सगळं सी ड्राइव्हमध्ये होतं. तू अर्थातच न विचारता डीमध्ये टाकलं असणार. मॉड्यूल ज्या फोल्डरमध्ये आहेत त्याचा पत्ता त्या फाइलमध्ये आहे, तेवढा बदल. बाकीच्या ओळींना हात लावू नकोस. वाचूही नकोस, उगाच डोकं दुखेल.

इथे माझ्या हाताखाली अख्खी टीम आहे. कोळीवाड्यातल्या पालींसाठी वेळ काढणं कठीण जातं, हे गणूशेठना सांग.

बाबा होडीवर फोन नेतात का? की अजून 'माजे कान हायेत' हेच चाललंय? सहज विचारतोय.

कुंदन


पनवेल कोळीवाडा
१८ नोव्हेंबर

कुंदनदादा,

सुरू झालं. तुझ्यामुळे नाही.

पत्ता बदलूनसुद्धा काळी खिडकी तशीच मिटत होती. बराच जीव आटवल्यावर कळलं, की प्रॉपर्टीज फाइलमध्ये पत्त्यातली उलटी तिरकी रेघ एकदाच लिहिली तर ती गिळली जाते. दोनदा लिहावी लागते. हे तुला माहीत होतं आणि तू सांगितलं नाहीस, किंवा एवढ्या मोठ्या सॉफ्टवेअर आर्किटेक्टला माहीतच नव्हतं. दोन्हींत जास्त लाजिरवाणं काय, ते तूच ठरव.

आता पुढचं ऐक. गणूशेठना उद्घाटन करायचंय. दोन वर्षं चालू असलेल्या वस्तूचं! पुढच्या महिन्यात कोणी साहेब येणार, मांडव घालणार, बटण दाबणार. साहेब जेमतेम दहा मिनिटं थांबतील आणि तेवढ्यात पडद्यावर जहाज दिसलंच पाहिजे. मी म्हटलं, जहाज साहेबांचं घड्याळ बघून येत नाही. तर म्हणाले, "मंग तू कशाला हाय?"

काही सोय आहे का? नसेल तर मी कागदाचं जहाज करून पडद्यावर चिकटवते. त्या गर्दीला फरक कळणार नाही.

काका फोन नेत नाहीत. कान आहेत म्हणतात.

रिया


बेंगळुरू
२० नोव्हेंबर

रिया,

वाटलंच होतं. आपल्याकडे वस्तू चालली नाही तरी चालते, नारळ फुटला पाहिजे.

सोय आहे. चाचणीसाठी मी 'रीप्ले' नावाचं मॉड्यूल केलं होतं. त्यात एका जुन्या दिवसाचं रेकॉर्डिंग आहे. ती जहाजं खरी असल्यासारखी चालतात, पुन्हा पुन्हा. प्रॉपर्टीज फाइलमध्ये आपोआप सुरू करायच्या मॉड्यूलची ओळ शोध. त्यातून अँटेनावरून सिग्नल घेणाऱ्या 'लाइव्ह'चं नाव काढ, 'रीप्ले'चं घाल, मग फ्रेमवर्क बंद करून चालू कर. कार्यक्रम झाला की उलट कर. एवढं तरी जमेल ना?

मला बोलवू नका. ऑफिसात नव्या सॉफ्टवेअरचं रिलीज आहे. आणि शाल-श्रीफळ घेऊन त्या साहेबाशेजारी उभं राहण्याची मला हौस नाही.

कुंदन


पनवेल कोळीवाडा
८ डिसेंबर

कुंदनदादा,

सोहळा पार पडला. साहेब उशिरा आले, बटण दाबलं, पडद्यावर तुझी शिळी जहाजं फिरली आणि टाळ्या पडल्या. कोणत्याही कोळ्याने मान वळवून खाडीकडे बघितलं असतं तर तिथे एक फळकूट नव्हतं. पण माइक चालू असताना खाडीकडे कोण बघतो? 'कोळीवाड्याचे सुपुत्र कुंदन, सध्या अमेरिकेत' असा तुझा उल्लेख झाला. मी दुरुस्त केलं नाही. तुलाही बेंगळुरूपेक्षा तेच आवडलं असतं.

दुसऱ्याच दिवशी फाइल होती तशी करून ठेवली. जमलं एवढं.

एक गोष्ट मात्र झाली. काका मांडवात मागे उभे होते. होड्यांना जो फोन जातो त्यातला आवाज तुझा आहे, हे त्यांना दोन वर्षांत माहीतच नव्हतं. त्या दिवशी स्पीकरवर ऐकलं. "मोटा जहाज येतंय, बाजूला व्हा." आणि नंतर, "जहाज गेला, रस्ता मोकला हाय." काल सकाळी माझ्याकडे आले आणि म्हणाले, "मला बी दे ग तो फोन जोडून. पोरगा घरात बोलतो साहेबासारखा. यात आपल्यासारखा बोललाय."

तुला सांगायचं नव्हतं. ऑफिसच्या मित्रांना तू नवीन पनवेलच्या हॉटेलात जेवू घातलंस, दोन किलोमीटरवरच्या घरी आणलं नाहीस. घराला मासळीचा वास येतो म्हणून. त्यानंतर काका तुझं नाव घेत नव्हते. आता फोन प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून छातीशी बांधतात.

रिया


पनवेल कोळीवाडा
२२ डिसेंबर

कुंदनदादा,

काहीतरी बिघडलंय. जहाज नसताना फोन वाजतो, असं सगळे सांगतायत. आणि परवा खरंच मोठा बार्ज गेला तेव्हा कोणाचाच वाजला नाही. काल संध्याकाळी मी स्वतः बघितलं. पडद्यावर दोन जहाजं होती, बंदरावरून एकही दिसत नव्हतं. बऱ्याच जणांनी फोन न्यायचं सोडलं. 'कुंदनची बोंब' असं नाव पडलंय.

काका मात्र नेतात. वाजला की बाजूला होतात. म्हणतात, "झालो बाजूला तर काय जातं?"

फाइल मी पुन्हा पाहिली, त्यात 'लाइव्ह'च आहे. काय बघू ते सांग. हे टोमण्यासाठी लिहीत नाहीये, खरंच सांग.

रिया


बेंगळुरू
२४ डिसेंबर

रिया,

बंदरावरून जहाज दिसत नाही म्हणजे जहाज नाही, हा शोध कोणाचा? अँटेनाला तुझ्या डोळ्यांपेक्षा लांबचं दिसतं, म्हणूनच ती लावली आहे.

फाइल बदलली म्हणतेस म्हणजे बदलली नसशील, किंवा बदलून सेव्ह केली नसशील. हे मी रोज नवशिक्यांकडून ऐकतो. आणि मासे मारणाऱ्यांच्या गप्पांवरून सॉफ्टवेअर तपासायचं नसतं. त्यांनी आधी 'बोंब' म्हटलं, उद्या भूत म्हणतील.

मी सुट्टीवर जातोय. आल्यावर बघतो. तोवर काही चाळवाचाळव करू नकोस.

कुंदन


पनवेल
१२ जानेवारी २०२५

कुंदनदादा,

तू फोन उचलत नाहीस. तुझ्या ऑफिसने सांगितलं, डोंगरात आहेस, रेंज नाही. म्हणून इथे लिहितेय. दिसेल तेव्हा वाच आणि ये.

परवा सकाळी खाडीच्या तोंडाशी दाट धुकं होतं. काका आणि त्यांचा खलाशी दीपेश होडीत होते. फोन वाजला, तुझ्या आवाजात. ते मार्गातून बाजूला झाले आणि थांबले. मग तुझा आवाज आला, की जहाज गेला, रस्ता मोकला हाय. दीपेश म्हणाला, "तात्या, जहाजाचा आवाज तर आला नाय." काका म्हणाले, "पोरगा सांगतंय ना मोकला हाय." होडी परत मार्गात घातली आणि धुक्यातून बार्ज अंगावर आला.

दीपेश बाहेर फेकला गेला, त्याला खरचटण्यापलीकडे काही नाही. काकांचा डावा पाय फळी आणि इंजिनच्या मध्ये अडकला. दुसऱ्या होडीने दोघांना आणलं. काल डॉक्टरांनी गुडघ्याखाली पाय काढला. जिवाला धोका नाही, असं आज सांगितलं. काकू नुसती बसून आहे.

हॉस्पिटलातून मी सोसायटीच्या खोलीवर गेले. पडद्यावर एक जहाज संथपणे चाललं होतं. मी अँटेनाची वायर उपटून काढली. जहाज चालतच राहिलं.

कॉम्प्युटर बंद केलाय. हे त्याच दिवशी करायला हवं होतं, ज्या दिवशी तुला विचारलं. पण तुझं पत्र वाचून मला वाटलं, मलाच कळत नाही.

रिया


पनवेल कोळीवाडा
२८ जानेवारी

कुंदन,

दादा लिहिलं नाही, ते लक्षात येईल.

तू आलास. काकांजवळ बसलास, रडलास. ते मी खोटं म्हणत नाही. मग आपण दोघं खोलीवर बसलो आणि चूक शोधली. शोधायला अर्धा तासही लागला नाही. फ्रेमवर्क मॉड्यूलची प्रत आपल्याकडे साठवून ठेवतं. एकदा सुरू केलेलं मॉड्यूल पुढच्या वेळी त्या साठ्यातून आपोआप उठतं, मग फाइलमधून त्याचं नाव काढलं तरी. साठा प्रत्येक वेळी साफ करायची एक ओळ आहे. ती तू बंद ठेवली होतीस, कारण जुना कॉम्प्युटर उघडायला वेळ लावायचा. म्हणजे दोन्ही मॉड्यूल उठत होती, आणि फोन लावणारं त्यातलं आधी उठलेल्याचं ऐकत होतं. रीप्ले आधी उठायचं. मी फाइल बरोबर बदलली होती. सेव्हही केली होती. जी ओळ वाचू नकोस म्हणालास, तीच होती.

"रविवारी बैठकीत मी बोलतो," हे तुझे शब्द. मी तुला बोल म्हटलंसुद्धा नव्हतं.

रविवारी झेंडावंदन झाल्यावर बैठक बसली. गणूशेठ सगळ्यांसमोर म्हणाले, "पोरीच्या हातात किल्ली दिली तेवाच मी म्हतलेला. कायतरी दाबलं तिनं." सगळे माझ्याकडे बघत होते. मी तुझ्याकडे बघत होते. तू मोबाइलमध्ये बघत होतास. माझ्याकडून खोलीची किल्ली काढून घेतली तेव्हाही तू मान वर केली नाहीस. त्याच दिवशी बसमध्ये बसलास.

मला तुझा राग आला नाही, हे वाचून तुला बरं वाटेल. राग यायला समोर कोणीतरी लागतं.

रिया


बेंगळुरू
३१ जानेवारी

रिया,

तू जरा माझ्या बाजूनेही बघ. कॅशे म्हणजे काय हे त्या लोकांना मी कसं समजावणार होतो? त्यांना एवढंच ऐकू आलं असतं, की कुंदनने बापाचा पाय घालवला. जन्मभर तेच चिकटलं असतं. इथे ऑफिसात कोणी विचारलं तर काय सांगू?

तू तिथेच राहतेस, तुला ओळखतात. चार दिवस बोलतील आणि विसरतील. माझं तसं नाही.

तरीही मी गणूशेठना सविस्तर मेल लिहायला तयार आहे. तांत्रिक भाषेत, कोणावर ठपका न ठेवता. त्यांच्या घरचं कोणीतरी त्यांना वाचून दाखवेल.

बाबांसाठी इथे चांगल्या कृत्रिम पायाची चौकशी केली आहे. फोन केला तर ते घेत नाहीत. तू सांगून बघ.

कुंदन


पनवेल कोळीवाडा
१० फेब्रुवारी

कुंदन,

मेल लिहू नकोस. 'कोणावर ठपका न ठेवता' हे मराठीत फक्त ठपका असलेला माणूसच लिहितो.

तुझं पत्र मी काकांना वाचून दाखवलं. पूर्ण. त्यांनीच मागितलं. ऐकून झाल्यावर विचारलं, "क्याशे म्हंजे काय ग?" मी सांगितलं, यंत्राला एकदा सांगितलेलं ते स्वतःजवळ ठेवतं, आणि नंतर आपण वेगळं सांगितलं तरी जुनंच करत बसतं. काका म्हणाले, "येवडंच? मंग हे सांगाया त्याला काय झालेलं?"

काल पुन्हा बैठक होती. मी जाणार नव्हते. दीपेश आला आणि म्हणाला, "तात्या खुर्चीत बसून निंगालेत, तू चल." दोघांनी खुर्ची उचलून त्यांना आत आणलं. गणूशेठ उठून उभे राहिले. "दिनानाथ, तू कशाला तरास घेतला," वगैरे सुरू झालं. काकांनी हात वर केला.

जसं बोलले तसंच लिहिते. मी घरी येऊन लगेच उतरवून ठेवलं, कारण नंतर त्यात मी माझं काही घातलं असतं.

"पोरीचा काय बी दोष नाय. यंतर माज्या पोरानं बांधलं, त्यात चूक रायली. चूक व्हते. मी पन दोनदा होडी खडकावं घातलीय, तुमी सगल्यांनी बगलंय. पन त्या दिवशी तो हितं बसला व्हता. त्याला सगलं म्हायती व्हतं. पोरीवं आल घेत व्हता तुमी, आन तो गप बसला. मला त्याची लाज वाटते. पायाची नाय."

मग मागून एकाने विचारलं, नेमकं काय झालं ते तरी सांगा. मी उभं राहून सांगितलं. साठा, ओळ, रीप्ले, लाइव्ह, सगळं. उद्घाटनासाठी शिळी जहाजं कोणी मागितली, तेही. समजलं त्यांना. दोन-तीन प्रश्न तर असे आले की मला उत्तर द्यायला विचार करावा लागला.

गणूशेठनी किल्ली माझ्यासमोर ठेवली. मी उचलली नाही. म्हटलं, दीपेश माझ्याबरोबर शिकणार असेल आणि प्रत्येक ओळ काय करते ते भिंतीवर मराठीत लिहून लावायचं असेल, तर उचलते. नाहीतर तुमचं यंत्र तुम्हाला लखलाभ. ते हो म्हणाले. गेल्या महिनाभरात होड्या यंत्राशिवायच गेल्या होत्या. परत सुरू करायच्या आधी आम्ही बंदरावर एक माणूस बसवलाय. पडद्यावरचं जहाज आणि पाण्यावरचं जहाज तो ताडून बघतो. अजून एकाही होडीला फोन जोडलेला नाही. पुढच्या बैठकीत, तेवीस तारखेला, सगळ्यांना दाखवून मगच जोडायचा.

पायाबद्दल काका म्हणाले, पाय पनवेलात बी मिळतो.

त्यांचा निरोप आहे: "बैठकीला यायचं असंल तर ये म्हनावं. मला बगायला येनार असंल तर नको."

रिया


बेंगळुरू
१३ फेब्रुवारी

रिया,

तेवीसला येतो. गणूशेठना फोन करून सांगितलं, की विषय मी मांडणार आहे. ते म्हणाले, "आता काय राह्यलंय मांडायचं?" मी म्हटलं, माझं.

बाबांचा निरोप वाचून आधी तुझाच राग आला. तो असा जसाच्या तसा लिहून पाठवायची गरज होती का, असं वाटलं. तसं एक लांबलचक उत्तरही लिहिलं. सकाळी वाचलं आणि काढून टाकलं. त्यात सगळीकडे मी बरोबर होतो.

घरी उतरणार नाही. बाबांनी बोलावलं तर जाईन.

बैठकीत तू मला काय काय विचारणार आहेस ते आधी कळव, म्हणजे तयारी करून येतो, असं इथे लिहिलं होतं. खोडतोय. तिथेच विचार, सगळ्यांसमोर.

कुंदन